कोरे आठवडे

नळयोजनेच्या इंजिनियरनं, एकवाला साहेबानं, शाळेच्या फळ्यावर भिंतभर कागद चिकटवला, तेव्हा राजवाड्याच्या पा तामफूनं माझ्याकडे बघून दात दाखवले. त्याला हसणं म्हणायचं नाही. मी तेव्हाच ओळखलं, आज हा माणूस आमच्या अकोफे वस्तीला पाण्याविना घरी पाठवणार.

आमच्या तुंगाफ गावाला नळाचं पाणी यायचं होतं. डोंगरावरचा झरा बांधायचा, त्याखाली टाकी, आणि टाकीतून तीन फाटे. एक राजवाड्याच्या वस्तीला, एक बाजाराला, एक आमच्या अकोफेला. पैसा परदेशातला, इंजिनियर किनाऱ्यावरचा, आणि चर खणायचे गावानं. पाऊस सुरू झाला की निधी बंद. तोवर झालं ते झालं, उरलं ते उरलं. आज फक्त एवढंच ठरायचं होतं, की कोणतं काम कधी करायचं. साहेब त्याला कामाचा आराखडा म्हणायचा.

अकोफे म्हणजे गावाचं शेपूट. रस्ता आला तो बाजारापर्यंत आला आणि थांबला, कारण निधी संपला. दवाखान्याची खोली आमच्याकडे व्हायची होती, तीही बाजारातच झाली, कारण तेच. आम्हाला पाणी आणायला घळीत उतरावं लागतं. उतरणं सोपं, भरलं भांडं डोक्यावर घेऊन चढणं अवघड, आणि पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ साबण. माझी सून न्गुम दिवस भरत आलेले असताना तिथं घसरली. ती वाचली. पोर वाचलं नाही. त्यानंतर गावात पाण्याची समिती झाली तेव्हा मी न विचारता तिच्यात जाऊन बसले, आणि मला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. तरुण होता, मोटारसायकलवरून धुळीत माखून यायचा आणि समोर ठेवलेलं अळूचे कंद कुटून केलेलं अचू बोटानं नीट खायचा, चमचा मागायचा नाही. पहिल्या भेटीत त्यानं आमचा आठवडा सात दिवसांचा धरला होता. आमचा आठवडा आठ दिवसांचा, आणि त्यातल्या एका दिवशी मातीला कुदळ लावायची नाही. हातानं अळू उपटा, रताळी उकरा, त्याला कुणी काही म्हणत नाही, पण कुदळ घरात. हा बिचारा ठरवून शनिवारी यायचा. कधी सगळं गाव कामाला हजर, तर कधी सगळं गाव झाडाखाली राफियाची ताडी पीत बसलेलं. दोन-चारदा फजिती झाल्यावर त्यानं आमचे आठही दिवस पाठ केले आणि आता कागदावर रेघा त्याप्रमाणे मारल्या होत्या. किनाऱ्यावरच्या माणसाच्या मानानं हुशार.

"आता अडथळे सांगा," तो म्हणाला. हातात रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. "काम लांबवू शकेल असं जे जे काही असेल ते. लाजू नका."

"पाऊस," मागून कुणीतरी म्हणालं.

"सिमेंटचा ट्रक. तो पुलाजवळ रुततोच."

"मक्याची काढणी."

"पा न्देची कंबर," माझी शेजारीण बीह म्हणाली. "कुदळ दिसली की धरते." सगळे हसले. पा न्दे आमच्या अकोफेचा वस्तीप्रमुख, आणि नात्यानं माझा दीर. तोही हसला, पण कंबरेवर हात ठेवून.

साहेबानं पाऊस, ट्रक आणि मका तीन चिठ्ठ्यांवर लिहून कागदावर चिकटवले. "अजून?"

जो तो छताचे पत्रे बघायला लागला. पा तामफू आपल्या काठीची मूठ फडक्यानं पुसत होता, जणू तिच्यावर आजच माती बसली होती.

अडथळा काय होता ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, साहेब सोडून. राजा आजारी होता. पण आमच्याकडे राजा आजारी पडत नाही. फार तर राजवाड्यात थोडी थंडी असते. राजा मरतही नाही. तो हरवतो, आणि तेही राजवाड्यानं सांगितल्यावर. त्याआधी जो कुणी तोंडातून शब्द काढेल त्यानं राजाचं वाईट चिंतलं असं धरतात, आणि त्या घराशी मग कुणी आग देत-घेत नाही.

आणि राजा हरवला की कुदळीला बंदी होते. एका दिवसाची नाही. राजवाडा उठवेल तोवर. मग डोकी भादरणं, मग नव्या राजाची बसवणूक, मग आसपासच्या गावांचे नाच आणि बंदुका. मागचा राजा हरवला तेव्हा मी नवी नवरी होते. तो अख्खा कोरडा हंगाम त्यात गेला होता.

मला तर इतरांपेक्षाही पक्कं माहीत होतं. राजाच्या पिण्याचं पाणी अकोफेच्या घळीतलंच लागतं, दुसरं चालत नाही, आणि ते अकोफेचीच बाई नेते. कित्येक वर्षं ते काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी पाण्याचा तुंबा राजवाड्याच्या मागच्या दारात ठेवायचा, कालचा रिकामा परत न्यायचा. गेल्या काही दिवसांत कालचा तुंबा जवळजवळ भरलेलाच परत मिळत होता. दार उघडणारी मुलगी माझ्याकडे बघायची नाही, मी तिच्याकडे बघायचे नाही. मी ते पाणी वाटेतल्या केळीला घालायचे आणि रडत घरी यायचे. राजा भला माणूस होता. न्गुमचं पोर गेलं तेव्हा त्यानं मागच्या दारातून कोला फळ आणि एक घोंगडी पाठवली होती, तामफूला न सांगता.

साहेबानं आता वरच्या ओळीपासून चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. झरा आणि टाकी. मग राजवाड्याचा फाटा. मग बाजाराचा. सगळ्यात खाली, पावसाला अगदी टेकलेली, अकोफेची चिठ्ठी.

मी हात वर केला. "साहेब, मधे काही आठवडे कोरे सोडा."

"कोरे म्हणजे?"

"त्यात काही काम लिहू नका. आणि त्याआधीची सगळी कामं आवरती घ्या, म्हणजे शेवटच्याला जागा राहील."

"कशासाठी पण, मा अक्वेन?"

"असंच."

तामफू राजवाड्याचा बोलता माणूस. राजाचं म्हणणं तो सांगतो, आणि राजाचं म्हणणं नसेल तेव्हा स्वतःचं. तो काठी टेकून उठला. "विचारा तिला साहेब, नीट विचारा. स्वप्न पडलं असेल. बाईमाणसाला स्वप्नं फार पडतात. सांग की अक्वेन, कसली अडचण दिसते तुला?"

तो माझ्याकडे डोळे रोखून बघत होता. मी बोलावं हीच त्याची इच्छा होती. मी शब्द काढला की मी संपले, आणि माझ्याबरोबर अकोफेचा नळही.

"मला अडचण दिसत नाही पा," मी म्हणाले. "मला कोरे आठवडे हवेत."

साहेबानं कपाळाचा घाम पुसला. "मा, मी रिकामी जागा ठेवली तर वरच्या ऑफिसात म्हणतील, ही माणसं आळशी आहेत. कारण लिहावंच लागतं. कारण द्या, मी लगेच सोडतो. फार तर एक आठवडा मी माझ्या जबाबदारीवर देतो."

"एकानं भागायचं नाही."

"मग कारण द्या."

खोलीतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. बाजाराच्या वस्तीचे लोकसुद्धा मूग गिळून बसले. त्यांची चिठ्ठी मधली होती, त्यांना वाटत होतं आपण निसटू. पा न्देनं माझ्या लुगड्याचं टोक ओढलं, बस म्हणून. मी बसले, आणि बसल्या बसल्या मला असा राग आला की कानशिलं तापली. हे सगळे कायद्याच्या आड लपले होते. तोच कायदा मला मारत होता आणि त्यांना सावली देत होता.

मग माझ्या डोक्यात आलं, सावली सगळ्यांवर सारखीच पडते की. तो शब्द तामफूलाही काढता येत नव्हता. मी परत उठले.

"बरं साहेब, कोरे नको तर नको. एक सांगा. टाकी झाल्यावर तीन फाट्यांतला कुठलाही आधी खणला तर चालतो का?"

"पाण्याच्या दृष्टीनं? चालतो. फाटे वेगळेच आहेत."

"मग अकोफेचा आधी घ्या. राजवाड्याचा शेवटी."

बाकांवर एकदम कुजबुज झाली. तामफूची काठी जमिनीवर आपटली. "राजाच्या आधी तुम्ही पाणी पिणार?"

"राजाच्या आधी कोण पितं पा? राजा आमच्याच घळीतलं पितो, आणि ते मीच नेते. पाइपातलं त्याला चालतं का? तुम्हीच सांगा. नाही चालत. म्हणजे राजवाड्याचा नळ तुमच्या अंगणाला, तुमच्या पाहुण्यांना आणि तुमच्या बायकांना. त्यांना चार आठवडे उशीर झाला तर काय बिघडलं?"

"राजवाड्याचा मान आहे."

"मानानं शेवटीही बसता येतं. लग्नात राजा शेवटी येतो, तेव्हा त्याचा मान कमी होतो का?"

कुणीतरी हसू दाबलं. तामफूनं त्या बाजूला बघितलं. "शेवटी ठेवलं तर..." तो म्हणाला, आणि थांबला.

"तर काय पा?"

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"शेवटी ठेवलं तर काय होईल, ते सांगा की. साहेब लिहून घेतील. त्यांच्याकडे चिठ्ठ्या खूप आहेत. पाऊस लिहिलाय, ट्रक लिहिलाय, मका लिहिलाय. अजून काही आहे का मधे? तुम्हाला काही दिसतंय? मला तर काही दिसत नाही, मी आत्ताच म्हणाले. सगळ्यांचाच नळ पावसाआधी व्हायचाय, तर पहिला कोण आणि शेवटचा कोण, याला काय अर्थ आहे?"

त्याच्या मानेवरची शीर फुगली. तोंडाशी आलेला शब्द तो गिळत होता, आणि तो गिळताना मी बघितला. मला त्याची जरासुद्धा दया आली नाही.

साहेब एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. इथं आपल्याला न सांगितलेलं काहीतरी चाललंय, एवढं त्याला कळलं असावं. तो हळूच म्हणाला, "कुणाची कारणासकट हरकत आहे?" आणि वाट बघून त्यानं अकोफेची चिठ्ठी खालून उपटली, वर लावली. तामफू दाराचं फळकूट आपटत बाहेर निघून गेला.

घरी पोचायच्या आत निरोप आला होता. मोठ्यांपुढे आवाज चढवल्याबद्दल एक बोकड आणि ताडतेलाचा डबा दंड, राजवाड्यात येऊन द्यायचा.

पा न्दे रात्रीचं जेवणही न घेता माझ्या अंगणात येऊन बसला. "वहिनी, जा आणि माफी माग. चिठ्ठ्या पूर्वीसारख्या लाव म्हणावं. तामफूनं मला शब्द दिलाय, पुढच्या खेपेला आपलाच नंबर."

"पुढची खेप कधी असते भाऊजी?"

"येईल की कधीतरी."

"रस्त्याची आली? दवाखान्याची आली?"

तो कंबर चोळत बसला. मग म्हणाला, "आपण त्यांच्याशी भांडून राहू शकत नाही." भित्रा होता, पण खोटं बोलत नव्हता. मी त्याला मक्याच्या पिठाच्या फुफूचा भाकरीएवढा गोळा आणि भाजी वाढली आणि घरी पाठवला.

सकाळी बोकडाला दोरी बांधून मी राजवाड्यात गेले. अंगणात तामफू आणि आणखी काही म्हातारे स्टुलांवर बसले होते. मी तोंडापुढे हात धरून वाकले, रीतीप्रमाणे.

"बोकड परत नेता येईल," तामफू म्हणाला. आवाज गोड होता. "साहेबाला चिठ्ठी पाठव. माझी चूक झाली म्हण. कागद पूर्वीसारखा होऊ दे."

मी उत्तर देणार तेवढ्यात आतल्या भिंतीमागून खोकला आला. लांब, ओला, थांबता थांबत नाही असा. आणि लगेच अंगणातले सगळे म्हातारे खोकायला लागले, टाळ्या वाजवायला लागले, घसे खाकरायला लागले, म्हणजे तो खोकला कुणी ऐकला नाही असं व्हावं. मीही खोकले. मला रडू येत होतं आणि मी खोकत होते. तामफूच्या डोळ्यांतही पाणी होतं, ते मी बघितलं, आणि तेवढ्यापुरता मला तो माणूस वाटला.

आवाज थांबल्यावर मी दोरी त्याच्या ओसरीच्या खांबाला बांधली. तेलाचा डबा शेजारी ठेवला.

"दंड घ्या पा. आवाज चढवला होता, खरंय. चिठ्ठी तिथंच राहील."

"अक्वेन, महागात पडेल."

"स्वस्तात आम्हाला कधी काही मिळालंय का?" मी म्हणाले आणि निघाले.

टाकी झाली तशी अकोफे चरावर उतरली. आमच्या बायका कुदळ चालवायला लागल्या की पुरुषांना लाज वाटून तेही येतात, हे आमच्याकडचं जुनं आहे. पा न्देसुद्धा आला, कंबरेला पट्टा बांधून. टाकीपासून खाली, केळीच्या बागांच्या कडेनं, न्गुमच्या दारापर्यंत चर पोचला. न्गुम स्वतः खणत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. साहेबाचा प्लंबर मागोमाग पाइप जोडत आला. आता फक्त माती लोटायची राहिली होती.

मी सकाळी तुंबा घेऊन गेले, तर मागचं दार उघडलंच नाही. मी थांबले, पुन्हा थाप मारली. आतून एक आवाज म्हणाला, "आज पाणी नको." मी तुंबा तसाच घेऊन परत फिरले. वाटेतल्या केळीपाशी मी बसून राहिले.

मी घरी येईतो राजवाड्याची घंटा गावभर फिरली होती. कुदळ मातीला लावायची नाही. का, ते घंटेवाल्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. लोकांनी कुदळी उचलल्या आणि घरात नेऊन पालथ्या ठेवल्या.

दुपारी साहेब आला. उघडा चर, त्यात पडलेला पाइप, आणि काठाला गप्प बसलेलं गाव. "काय झालं? का थांबलात?"

त्यानं बायकांकडे बघितलं, पालथ्या कुदळींकडे बघितलं, वर राजवाड्याकडे बघितलं, जिथून आज चुलीचा धूर निघत नव्हता. मग तो माझ्याजवळ येऊन खाली बसला.

"तुमचे कोरे आठवडे, मा?"

मी मान हलवली.

"मला एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं ना."

"नाही सांगता येत बाळा. अजूनही नाही सांगितलं. तू काही ऐकलं नाहीस."

तो थोडा वेळ मातीत रेघा ओढत बसला. "मी मुदत वाढवून मागतो. देतील असं वाटत नाही. आणि प्लंबर उद्या संध्याकाळी दुसऱ्या गावाला जातोय, तो पावसाआधी परत येणार नाही. पाइप उघडा असताना मी व्हॉल्व सोडू शकत नाही. उन्हानं तडकेल, गुरं तुडवतील, सगळं वाया. उद्या संध्याकाळपर्यंत चर बुजला तर पाणी सोडतो. नाही तर..."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी चरापाशी गेले, गुडघे टेकले आणि हातानं माती आत लोटायला लागले.

थोड्या वेळानं बीह आली. ती काही न विचारता शेजारी बसली आणि लोटायला लागली. मग न्गुम. मग एकेक करत अकोफेच्या सगळ्या बायका, म्हाताऱ्यासुद्धा. लाल माती, तिच्यात खडे, बोटांची नखं फाटत होती. कुणी गात नव्हतं. पुरुष लांब उभे राहून बघत होते. पा न्दे पुढं आला, मागं गेला, परत पुढं आला, आणि शेवटी त्याच्या त्या प्रसिद्ध कंबरेसकट मातीत बसला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तामफू आला. मागं राजवाड्याचे चार सेवक.

"बंदी ऐकली नाही का?"

"ऐकली पा. कुदळीला बंदी आहे. कुदळी घरात आहेत. जाऊन बघा."

"मातीला हात लावताय."

"मातीला हात रोजच लागतो. विश्रांतीच्या दिवशी तुमच्या घरात रताळी कशानं उकरतात? पायानं?"

एका सेवकानं खाली बघितलं. त्याची आई चरात होती आणि त्याच्याकडेच बघत होती. तामफूनं त्यांना पुढं व्हायची खूण केली. ते हलले नाहीत, पण परतही फिरले नाहीत. त्याला अजून जोर लावावा लागणार होता, आणि तो त्यानं माझ्यावर लावला. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या पायांची सावली माझ्या हातांवर पडली.

"तुला ठाऊक होतं," तो हळू बोलला, दात आवळून. "तू त्याच्यावर हिशेब मांडलास. भिंतीवर, परक्या माणसापुढं. तो आत श्वास घेत होता आणि तू आठवडे मोजत होतीस."

माझे हात थांबले. हे मला लागलं, कारण ते सगळंच खोटं नव्हतं.

"तुम्हीही मोजत होता पा," मी म्हणाले. "तुमची चिठ्ठी वर होती, म्हणून तुम्हाला मोठ्यानं मोजावं लागलं नाही."

मग तो मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "राजवाड्यात बायका जमायची वेळ येईल तेव्हा अकोफेच्या सगळ्या येतील. ही येणार नाही. हिचं डोकं आमच्या अंगणात भादरलं जाणार नाही. हिला रडायला जागा नाही. पाणी नेणारी ही, आणि ही दाराबाहेर. आत्ता उठली, माझ्याबरोबर वर आली आणि माफी मागितली, तर येऊ दे."

आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. ज्याला रडू दिलं जात नाही तो मेलेल्याचा कुणीच नसतो. बीहनं माझा दंड धरला. "जा ग," ती कानात म्हणाली. "माफीच मागायची ना. आम्ही बुजवतो."

मी चराकडे बघितलं. अर्धा बुजला होता. मी वर गेले की तामफू सेवकांना खाली पाठवणार, आणि मी समोर नसताना पा न्दे सगळ्यांना घरी नेणार. हे मला तिथं गुडघ्यावर बसल्या बसल्या दिसत होतं. आणि दुसरंही दिसत होतं, मागचं दार, आणि त्याच्याआड तो माणूस, ज्याला मी इतकी वर्षं पाणी पाजलं, ज्याला मी आता बघणार नव्हते.

"बरं," मी तामफूला म्हणाले, आणि माती लोटली.

तो वळला. सेवक त्याच्या मागून गेले. एक मात्र मागं राहिला, आईशेजारी चरात उतरला.

संध्याकाळी साहेबानं व्हॉल्व सोडला. आधी नळातून नुसता वारा आला, मग लाल गढूळ, मग स्वच्छ पाणी. न्गुमनं हात खाली धरला आणि काढलाच नाही. बायका ओरडल्या नाहीत, अशा बंदीत आनंदानं ओरडायचं नसतं. कुणी तोंडावर पदर दाबून हसत होतं, कुणी रडत होतं. मी दोन्ही करत होते.

राजवाड्याचा फाटा राहिला. बाजाराचाही राहिला. मुदत वाढवून मिळाली नाही. मला वाईट वाटलं का? बाजारासाठी वाटलं. पण त्या खोलीत त्यांच्यातल्या एकानं तरी माझ्या बाजूनं तोंड उघडलं असतं तर जास्त वाटलं असतं.

काही दिवसांनी राजवाड्यानं सांगितलं की राजा हरवला. वर बंदुका उडायला लागल्या, मोठे ढोल सुरू झाले, आणि अकोफे रिकामी झाली. बीह जाताना दारात थांबली, तिला काय बोलावं सुचेना. मी तिला जा म्हटलं. न्गुम माझ्यासाठी मागं राहायला निघाली होती. तिलाही मी ढकलून पाठवलं. रडायचा हक्क घरातून एकीला तरी मिळायला हवा होता.

मग मी पातं घेतलं आणि नळापाशी जाऊन बसले. नळ सोडला. डोकं खाली धरलं आणि माझं मीच भादरलं, चुकतमाकत, दोन ठिकाणी कापलं. केस पाण्याबरोबर वाहून गेले. वर ढोल वाजत होते आणि लोक म्हणत होते, हरवला, हरवला. मी ओल्या डोक्यानं उभी राहिले आणि राजवाड्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, आमच्याकडे जे कुणी म्हणत नाही ते.

"राजा मेला. मला ठाऊक होतं. मी पाणी आणलं."

आणि मग मी त्याच्यासाठी रडले, जिथं मला कुणी अडवू शकत नव्हतं तिथं, हवं तेवढं.